आजच्यापुरतं काम

केणीदादांच्या गॅरेजमधून गाडी चटकन ताब्यात मिळत नसे. काम संपलं, दादांनी हात पुसले, गिऱ्हाईक चावीसाठी हात पुढे करून उभं राहिलं, की दादा आत जायचे आणि एक पुठ्ठा घेऊन यायचे. कुणाच्या तरी फ्रिजच्या खोक्याचा, कापून सपाट केलेला, कोरा. तो गाडीच्या पोटाखाली सरकवायचे, इंजिन चालू करून ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला फर्मावायचे, "बसा. चाय प्या." चहा संपायचा, गप्पा संपायच्या, गिऱ्हाईक घड्याळ बघून चुळबुळायला लागायचं, तेव्हा कुठे दादा पुठ्ठा बाहेर ओढून उजेडात धरायचे. त्यावर तेलाचा ठिपका नसला तर चावी मिळे. ठिपका असला तर गाडी परत दुरुस्तीच्या खड्ड्यावर, आणि गिऱ्हाईक रिक्षाने घरी.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा या प्रकाराला वैतागले होते. आम्ही परळहून मीरारोडला राहायला येऊन थोडेच महिने झाले होते. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. सकाळी लवकर पोचावं लागतं, म्हणून चाळिशीत गाडी शिकले आणि एक जुनी छोटी गाडी घेतली. तिच्यातून तेलाचा वास यायला लागला, तेव्हा वॉचमनने पेणकरपाड्यातल्या या गॅरेजचं नाव सांगितलं. काम झालं तरी हा माणूस गाडी देईना. मी म्हटलं, "अहो, मला कामावर जायचंय."

दादांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्याडम, घाई माशाला करायची. मासा नासतो. गाडी नासत न्हाय."

हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. हिंदीभाषक गिऱ्हाइकांसाठी त्याची हिंदी आवृत्तीही होती, "जल्दी मच्छी को होती है, गाडी को नय." दादा जुन्या भाईंदरच्या कोळ्याघरचे. वडिलांची होडी होती. दादा शाळा सोडून आधी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला लागले आणि मग गाड्यांकडे वळले. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर माणूस घरी येत नाही, हे लहानपणी पाहिलेलं, त्यामुळे कच्चं काम म्हणजे त्यांच्या लेखी पाप. "रस्त्यावर बंद पडली तर धक्का मारतील," ते म्हणायचे, "दर्यात कोन धक्का मारील?"

पण त्यांना साधाभोळा कारागीर समजण्याची चूक कुणी करू नये. माणूस भलताच मिजासखोर. मिशा काळ्याभोर रंगवलेल्या, खिशात कंगवा, कानात भिकबाळीसारखी सोन्याची बारीक कडी. घोडबंदरच्या बाजूला मालिकांचं शूटिंग चालतं, तिथली एखादी गाडी कधी त्यांच्याकडे आली तर ती सगळ्यात पुढे, रस्त्यावरून दिसेल अशी उभी करायचे आणि दिवसभर त्या नटाचं नाव दहा जणांना ऐकवायचे. दुसऱ्या मेकॅनिकबद्दल चांगला शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. "त्यो? त्यो सायकलच्या लायकीचा न्हाय," एवढ्यावर समोरच्याचा निकाल लागायचा. त्यांची बायको हिराताई गॅरेजच्या मागच्या खोलीतून ओरडायची, "झाला का तुजा पोवाडा? जेवाला ये." दादा जेवायला जायचे, पण पोवाडा पुरा करूनच.

माझं त्यांच्याशी जमलं ते त्यांच्या शिकवण्याच्या हौसेमुळे. मला ते खड्ड्यात उतरवायचे, बॅटरीच्या उजेडात गाडीचं पोट दाखवायचे. इंजिनाच्या तळाशी तेलाचं भांडं असतं, त्याला ते चेंबर म्हणायचे. जुनं तेल काढायला त्या चेंबरला खाली एक बोल्ट असतो. "वैनी, ह्यो बोल्ट बगा. सगल्या गाडीत स्वस्त. आनि सगल्या गाडीचा जीव ह्याच्यावर. लोकाना वाटतं, जेवडा आवलला तेवडा चांगला. न्हाय. जास्त आवलला की आतले आटे जातात. आटे गेले की मग बोल्ट दिसतो जागेवर, पन धरलेला कशालाच नसतो."

म्याडमची वैनी मी केव्हा झाले ते मला आठवत नाही. मासळी आणली की हिराताई वाटणासकट डबा पाठवायची. दादांच्या मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. कामावरून येताना मी कधी नुसतीच थांबायचे आणि पिंपावर बसून त्यांची बडबड ऐकायचे.

त्या दिवशीही मी तिथेच होते. माझ्या गाडीचे ब्रेक करायचे होते, सुट्टी होती, सकाळची वेळ होती. गल्लीच्या तोंडाशी आधी आवाज आला आणि मग ती गाडी आली. लाल, दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला चिकटलेली. आमच्या गल्लीत असली गाडी पूर्वी कधी आली नव्हती. चहावाला, इस्त्रीवाला, दूधवाला, समोरच्या इमारतीतली पोरंसोरं, सगळे गोळा झाले. फोन वर झाले. फोटो निघायला लागले.

गाडीतून रोहन उतरला. एका बिल्डरचा मुलगा, पंचविशीचा असेल. इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली तेल पडत होतं. संध्याकाळी बहिणीचा साखरपुडा होता, घोडबंदर रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये, आणि दुपारीच सगळ्यांना तिकडे पोचायचं होतं. पुढे ही गाडी आणि मागे बाकीच्या, असं त्याच्या वडिलांनी ठरवलं होतं. कंपनीचं वर्कशॉप त्या दिवशी बंद. कुणीतरी केणीदादांचं नाव सांगितलं होतं.

गाडी इतकी बुटकी की खड्ड्यावर चढेना. दादांनी फळ्या टाकून ती इंचाइंचाने चढवली. खाली उतरून पोटाचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं, तर त्यात साठलेलं तेल भसकन त्यांच्या बाहीवर आलं. बराच वेळ ते खालीच होते. वर आले तेव्हा बोटावर चांदीसारखा चुरा होता.

"आटे गेले," त्यांनी रोहनला दाखवलं. "आखिरी बार तेल किसने बदला? उसने जोर लगाके टाइट किया. चेंबर ॲल्युमिनियम का है, चुरा हो गया. गाडी छोड़ के जाव. चेंबर उतारना पड़ेगा, नया आटा डालना पड़ेगा."

"अंकल, आज नहीं. आज बस चलनी चाहिए. आजच्यापुरतं काहीतरी करा."

"आजच्यापुरतं माज्याकडे न्हाय होत."

रोहनने पुन्हा विनवलं. दादांनी पुन्हा मान हलवली. तेव्हा तो फोनवर कुणाशी तरी बोलायला वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मैंने पहले ही बोला था, ये लोगों के बस का नहीं है. ये रिक्शा ठीक करने वाले हैं."

गर्दीत कुणीतरी हसलं.

मी दादांचा चेहरा पाहिला. एका क्षणात तो वेगळाच झाला. दादा आत गेले, टेप आणली, जाड वायसर शोधून आणली, खड्ड्यात उतरले. बोल्टला टेप गुंडाळून, नवी वायसर घालून त्यांनी तो बसवला. तेल भरलं. पुठ्ठा खाली सरकवला. इंजिन सुरू झालं आणि गर्दीतून शिट्ट्या आल्या. दादांनी कंगवा काढून केस नीट केले.

त्या दिवशी चहा मागवला गेला नाही. रोहन गाडीत बसलेलाच होता, वडिलांचे फोन येत होते, पोरं "भगाव, भगाव" म्हणत होती. दादांनी वाकून पुठ्ठा पाहिला. कोरा होता. तो त्यांनी ओढून घेतला. "धीरे चलाना. हॉल तक जाना, और उधर से सीधा इधर लाना. ये पक्का नहीं है, समझा?" रोहनने अंगठा वर केला आणि गाडी गेली. लोक दादांच्या पाठीवर थापा मारत होते. दादा हसत होते. माझे ब्रेक करताना मात्र ते अजिबात बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी लाल गाडी टोइंगच्या ट्रकवर आली. इंजिन जाम झालं होतं. रोहन तावातावाने सांगत होता, बोल्ट पडला, तेल सगळं गेलं, साखरपुड्याला टॅक्सीने जावं लागलं. दादांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बोल्ट कहाँ गिरा?"

वरसाव्याला पुलाआधी उजवीकडे वळल्यावर पुढे जे वळण आहे, तिथून गाडी वेगळी वाटायला लागली होती, रोहन म्हणाला. डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला होता, पण हॉल जवळ होता म्हणून तो थांबला नाही.

चहावाल्याने त्याच सकाळी फोनवर आलेली बातमी सगळ्यांना दाखवली होती. त्या वळणावर आदल्या दुपारी रस्त्यावर तेल सांडलेलं होतं. एक मोटरसायकलवाला घसरला आणि मागून येणाऱ्या टेम्पोखाली गेला. कुठल्यातरी टँकरचं तेल असावं, असं त्यात होतं. जागच्या जागी गेलेला तो माणूस जेसल पार्कचा, लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा, दुपारच्या पाळीला ठाण्याला निघालेला.

दादांनी रोहनला बाजूला नेलं. काय बोलले ते हिराताईने खिडकीतून ऐकलं. रोहन पांढरा पडला आणि म्हणाला, "अंकल, चुप रहो. किसी को पता नहीं है. बोलोगे तो दोनों फँसेंगे." गाडी ट्रकवरून उतरवलीच नाही. ट्रक तसाच वळवून तो निघून गेला.

गॅरेज बंद राहायला लागलं. मी विचारायला गेले तर हिराताई दारात आली. "जेवत न्हाय. बोलत न्हाय. नुसता हात बगत बसतो. वैनी, तुमीच बोला त्याच्याशी."

दादा मागच्या खोलीत खाटेवर बसले होते. मिशांचा रंग उतरून मुळाशी पांढरं दिसत होतं. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "वैनी, माज्याबरोबर याल? मना त्याच्या घरी जायचंय. बाईमानसाच्या घरात एकटा कसा जाऊ?"

मी म्हटलं, "जाऊन काय करणार, दादा? तो परत येणार आहे का?"

"न्हाय. पन त्याना वाटत आसंल, टँकर व्हता."

जेसल पार्कमध्ये विचारत विचारत आम्ही त्या घरी पोचलो तेव्हा दार त्या माणसाच्या आईने उघडलं. त्याचं नाव विवेक, हे दारावरच्या पाटीवरून कळलं. आम्ही त्याच्या कंपनीतले असू असं समजून तिने आम्हाला बसवलं, पाणी दिलं. बायको वैशाली आतून आली. लहानखुरी, डोळे कोरडे. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, हसरा, लग्नातलाच असावा. दादांनी पाण्याचा पेला हातात धरला, प्यायले नाहीत, तसाच खाली ठेवला.

"मी मेकॅनिक हाय," ते म्हणाले. "पेनकरपाड्यात माजं गॅरेज हाय. रस्त्यावर जे तेल व्हतं, ते टँकरचं न्हवतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. लाल गाडी, गेलेले आटे, टेप, वायसर. आपल्या बाजूने एक शब्दही घातला नाही. रोहन काय म्हणाला, गर्दी कशी हसली, हेसुद्धा नाही.

वैशालीने मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, "तो बोल्ट टिकणार नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग गाडी सोडलीत का?"

"लोक बगत व्हते. मना न्हाय म्हनता आलं न्हाय."

"एवढंच?"

"एवढंच."

म्हातारी एकदम रडायला लागली. ओरडून नाही, पदर तोंडात कोंबून. "मी त्यालाच बोल लावत होते गं," ती सुनेला म्हणाली. "जोरात चालवत असेल, म्हटलं. मेल्यावर पण शिव्या दिल्या मी माझ्या पोराला." वैशालीने तिच्या पाठीवर हात ठेवला, पण नजर दादांवरून काढली नाही.

"मीपण भांडले होते त्याच्याशी," ती म्हणाली. "निघताना. हळू चालव म्हणून. इतके दिवस मला वाटत होतं, त्याने ऐकलं नाही." मग तिने विचारलं, "तुम्ही इथे कशाला आलात? माफी मागायला?"

"न्हाय. सांगायला."

"सांगितलंत. आता तुम्ही हलके झालात. आम्ही काय करायचं?" तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्याजवळ नका सांगू. पोलिसांत जाऊन सांगा. आणि परत इथे येऊ नका."

जिना उतरताना दादांनी कठडा घट्ट धरला होता. खाली आल्यावर मी रिक्षाला हात केला. दादा म्हणाले, "तुमी घरी जा." आणि तिथूनच पोलीस चौकीकडे चालू लागले. मी त्यांच्या मागोमाग गेले.

चौकीतल्या साहेबांना हा माणूस वेडा वाटला. अज्ञात वाहनाचं तेल अशी नोंद होऊन प्रकरण जवळपास मिटलं होतं. "काका, कशाला अंगावर ओढून घेताय?" असं त्यांनी चांगुलपणानेच विचारलं. दादा हटले नाहीत. शेवटी जबाब घेतला गेला. रोहनच्या घरच्यांनी सांगितलं की गाडी त्या गॅरेजमध्ये कधी गेलीच नव्हती. आणि गाडीचं इंजिन तर एव्हाना चेंबरसकट बदलून झालं होतं.

त्यानंतर दादांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. ते गल्लीत घरोघर फिरले. चहावाला, इस्त्रीवाला, दूधवाला, समोरच्या इमारतीतली पोरं. ज्यांनी त्या सकाळी फोटो काढले होते त्या सगळ्यांकडे जाऊन ते फोटो मागायला लागले. लोक नाही म्हणायचे. चहावाला तर हात जोडून म्हणाला, "दादा, तुम्हारे खिलाफ मैं कैसे दूँ?" दादा म्हणाले, "मेरे खिलाफ नय. मेरे लिए दे." एका पोराकडे छोटा व्हिडिओ होता. त्यात गाडीचा नंबर होता, फळ्या होत्या, आणि खड्ड्यातून वर येऊन केस विंचरणारे दादा होते. तो व्हिडिओ त्यांनी स्वतः नेऊन चौकीत दिला.

खटला उभा राहिला. रोहन आणि दादा, दोघेही आरोपी. रोहनच्या वकिलाने सगळा भार बोल्टवर टाकला, आणि दादांच्या वकिलाला तेवढ्याच जोराने तो लाल दिव्यावर टाकायचा होता. "गाडी थांबवली असती तर तेल इतकं सांडलं नसतं, एवढं म्हणा," तो दादांना विनवायचा. दादांचं उत्तर ठरलेलं होतं. "त्याने थांबवाया पायजे व्हती, ते खरं. पन मी सोडाया नको व्हती, ते आदी." वकील माझ्याकडे बघून कपाळावर हात मारायचा.

गॅरेज पुन्हा उघडलं, पण गिऱ्हाईक तुटलं. ज्यांचं काम दादांनी वर्षानुवर्षं केलं तेही गुपचूप दुसरीकडे जायला लागले. त्यांना दोष देता येत नाही. स्वतःच्या कामाने माणूस मेला असं जो स्वतःच सांगतो, त्याच्याकडे कोण गाडी देईल? मी देत राहिले. पण दादा आता शिकवत नसत, पोवाडे गात नसत, दुसऱ्या मेकॅनिकला नावं ठेवत नसत. काम करून झालं की परत एकदा तपासायचे, आणि मग परत एकदा. साधा बोल्ट आवळताना त्यांचा हात थांबायचा आणि ते तसेच बसून राहायचे. मग हिराताई बाहेर येऊन म्हणायची, "उठ. वैनी खोलंबली." तिची थट्टाही संपली होती.

एकदा धीर करून मी विचारलं, "दादा, सांगितल्याचा पश्चात्ताप होतो का?"

"सांगितल्याचा न्हाय होत," ते म्हणाले. "पन तिने म्हटलं ना, हलके झालात. तसा काय झालो न्हाय. मना वाटलं व्हतं, व्हईन."

निकालाची वेळ आलीच नाही. एका सकाळी गॅरेजचं शटर अर्धं वर करून दादा तिथेच खाली बसले. डॉक्टर म्हणाले, हृदय. हिराताईने हाक मारली तेव्हा ते गेलेले होते. मुली आल्या, गल्ली जमली. रोहनच्या घरून कुणी आलं नाही. कोर्टात पुढच्या तारखेला मृत्यूचा दाखला गेला आणि त्यांच्यापुरता खटला संपला. रोहनचा अजून चालू आहे.

बारावं झाल्यावर मी जेसल पार्कला गेले. परत येऊ नका हे दादांना सांगितलं होतं, मला नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली. वैशाली नुकतीच कामावरून आली होती. ती आता कुठल्यातरी दुकानात लागली होती. दारातच उभी राहून तिने ऐकून घेतलं. सासू आत कुकरची शिट्टी काढत होती.

"कशाने?" तिने विचारलं.

"हृदयविकाराने."

"घरी कोण आहे त्यांच्या?"

"बायको. एकटीच असते. मुली लांब आहेत."

ती उंबऱ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता दार लावेल. मी जायला वळले, तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "मी त्यांना माफ केलं नव्हतं. अजूनही नाही केलं. पण त्यांच्या बायकोने कधी विचारलं, तर हे तिला सांगू नका."